परदेशात तिथली भाषा बोलायला गेलात तेव्हा काय झालं? (सुरुवात माझ्यापासून: लिस्बनमध्ये मी दोन काठ्या मागितल्या)

वसईची_केळी

नमस्कार मंडळी. मुलगा लिस्बनला नोकरीला आहे, म्हणून यंदा तीन आठवडे तिकडे राहून आले. जायच्या आधी दोन महिने ॲपवर रोज अर्धा तास पोर्तुगीज घोटलं होतं. त्यात मी वसईची. १५३४ पासून १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेईपर्यंत आमच्याकडे पोर्तुगीज नांदले. पाव, बटाटा, साबण, चावी, लिलाव, मेस्त्री, फीत हे शब्द त्यांनीच मागे ठेवलेले. म्हटलं निम्मी भाषा तर घरचीच आहे, वरची क्रियापदं तेवढी पाठ करायची.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा झोपलेला असताना एकटीच खाली बेकरीत गेले. तो राहतो ग्रासा भागात, टेकडीवर. २८ नंबरची ती प्रसिद्ध पिवळी ट्राम तिथूनच जाते. काउंटरवर माझ्याच वयाची बाई. मी ऐटीत म्हटलं, "बों दिआ! दोइश पाव, फाश फावोर." बाई थांबली. मागच्या मुलीकडे बघितलं. मी पुन्हा, जरा मोठ्याने, "पाव! पाव!" मग मी बोट दाखवलं आणि ती म्हणाली, "आऽऽ, पाँउ!" आणि दोघी इतक्या हसल्या की मीही हसले. कशाला ते कळलं नव्हतं.

मुलाने घरी सांगितलं. ब्रेडचा शब्द नाकातून म्हणायचा, पाँउ. नाक विसरलं की उरतो 'पाउ', म्हणजे लाकूड, काठी. मी सकाळी साडेसात वाजता बेकरीत जाऊन दोन काठ्या द्या म्हणत होते.

आणखी एक. अंगाला लावायचा साबण संपला. दुकानात गेले, "सबाँउ" मागितला. आता नाक लावायला शिकले होते! दुकानदाराने निळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची वीटच काढून दिली. ती कपडे धुवायची वडी. अंगाच्या साबणाला म्हणायचं 'सबुनेत'. साडेचारशे वर्षांपूर्वी आम्ही त्यांच्याकडून शब्द घेतला तो अंगाला आणि कपड्यांना सरसकट लावला, त्यांनी मधल्या काळात वाटण्या केल्या.

कोबीचंही तेच. 'कोव्' मागितलं तर लांब हिरवी पानं मिळाली, त्यांच्या हिरव्या सूपमध्ये चिरून घालतात ती. आपल्या गड्ड्याचं नाव वेगळंच. बटाट्याने मात्र लाज राखली. 'बताता' म्हणायचं, दोन्ही त दाताला जीभ लावून. ट म्हटला तरी कळतं, पण आपण इंग्रजीच्या सवयीने परदेशी शब्द दिसला की ट-ड लावतो ते तिथे विचित्र वाटतं.

आता खरा प्रश्न. निम्म्या ठिकाणी मी पोर्तुगीजमध्ये सुरुवात केली की समोरचा इंग्रजीत उत्तर द्यायचा. मग आपण काय करायचं? हट्टाने चालू ठेवायचं की मुकाट इंग्रजीवर यायचं? तुमचे अनुभव लिहा.

गूळशेंगदाणा

दोन काठ्या!! ऑफिसात वाचलं, शेजारचा विचारतोय काय झालं 😂

टाचणी

धागा छान. एक दुरुस्ती, राग मानू नये. बटाटा, अननस, काजू हे पोर्तुगीजांनी आणले हे खरं, पण शब्द मुळात त्यांचेही नव्हेत. 'बताता' कॅरिबियन बेटांवरच्या ताइनो लोकांचा, 'काजू' ब्राझीलच्या तुपी भाषेतला, अननसही दक्षिण अमेरिकेतलाच. त्यांनी आपल्याला उसना मालच दिला.

वसईची_केळी

राग कसला, उलट बरं वाटलं. म्हणजे लिस्बनची बाई आणि मी, दोघीही उसन्या शब्दावर भाजी घेत होतो.

पोदेराचो_पूत

केळीताई, गोव्यात येऊन गेला असता तर ही वेळ आली नसती. आमच्याकडे सकाळी सायकलवर भोंपू वाजवत येतो तो पोदेर, हा शब्दच त्यांच्या 'पादेइरू'वरून, म्हणजे पाववाला. माझी आजी 'पांव' म्हणते तेव्हा त्यात नाक असतंच. १९६१ पर्यंत तिच्या कानावर ती भाषा होती. तुम्ही वसईकरांनी १७३९ लाच नाक सोडलंत.

आणि एक सांगतो. आजीने आम्हाला 'ओब्रिगाद', म्हणजे धन्यवाद, शिकवताना बजावलं होतं, मुलगा असशील तर 'ओब्रिगादु', मुलगी असेल तर 'ओब्रिगादा'. समोर कोण आहे त्यावर काही नाही, बोलणारा कोण आहे त्यावर. मराठी माणसाला हे पटकन समजतं, कारण आपणही येतो-येते म्हणतो. माझे दिल्लीचे मित्र मात्र पोर्तुगालमध्ये बाईंना बघून 'ओब्रिगादा' म्हणत फिरत होते. हिंदीतही आता-आती असतंच की, पण वेळेवर सुचेल तर ना.

म्युनिकचा_मोरू

या विषयावर माझ्याकडे अकरा वर्षांचा साठा आहे, त्यामुळे लांबण लागणार. चहा घेऊन बसा.

जर्मनीत आल्यावर पहिली दोन वर्षं मी जर्मन इंग्रजीतून बोलायचो. म्हणजे मनात इंग्रजी वाक्य करायचं आणि शब्द बदलायचे. पहिल्या उन्हाळ्यात ऑफिसात सगळ्यांसमोर म्हणालो, "इश् बिन हाइस." इंग्रजीत आपण 'मी गरम आहे' अशाच धर्तीवर बोलतो ना. सगळे खाली बघायला लागले. जर्मनमध्ये त्याचा अर्थ, कसं सांगू, मी कामातुर झालो आहे असा होतो. बरोबर वाक्य काय? "मिअर इस्ट हाइस." शब्दशः, मला गरम आहे. मला! मराठीतून विचार केला असता तर चूक झालीच नसती. मला थंडी वाजते, मला आवडतं, मला बरं वाटत नाही, हे सगळं जर्मनमध्ये 'मला'नेच सुरू होतं.

त्या दिवसापासून मधली इंग्रजी काढून टाकली. मग भराभर गोष्टी दिसायला लागल्या. आकडे बघा. इंग्रजीत वीस-एक, जर्मनमध्ये एक-आणि-वीस. आपण काय म्हणतो? एकवीस. एक आधी. माझ्या वर्गातले अमेरिकन फोन नंबर उलटे लिहायचे, माझी गाडी सरळ.

त्याहून भारी म्हणजे वेळ. डॉक्टरकडे फोन केला, बाई म्हणाल्या 'हाल्ब द्राय'. हाल्ब म्हणजे अर्धा, द्राय म्हणजे तीन. मी साडेतीनला पोचलो. वेळ होती अडीचची. तिसरा तास अर्धा झाला, असा त्यांचा हिशोब. रिसेप्शनवरच्या बाईंनी जे बघितलं ते अजून आठवतं. नंतर कळलं की आपला 'अडीच' संस्कृतातल्या 'अर्धतृतीय'वरून आलाय, म्हणजे तिसरा अर्धा. हुबेहूब हाल्ब द्राय! दीडलाही त्यांच्याकडे 'आन्डर्टहाल्ब' असा खास शब्द आहे, दुसरा अर्धा. आणि मी गाढव इंग्रजीच्या घड्याळाने गेलो.

लिंगं तीन आहेत, देअर-दी-दास, आपली तो-ती-ते. हिंदीवाले 'दास'पाशी अडखळतात. पण खूश होऊ नका, आपलं आणि त्यांचं जुळत नाही. जेवणाच्या टेबलावर त्यांचा चमचा पुल्लिंगी, काटा स्त्रीलिंगी, सुरी नपुंसकलिंगी. सूर्य बाई आणि चंद्र बुवा. हे पाठच करावं लागतं.

उच्चाराचं एक फुकटचं बक्षीस आहे. जर्मनमधला झेड म्हणजे आपला चमच्यातला च. दहा म्हणजे 'त्सेन', चमच्यातल्या च ने 'चेन' म्हणा, लोक विचारतील किती वर्षं राहताय.

तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: समोरच्याने इंग्रजीत उत्तर दिलं तरी मी जर्मनच चालू ठेवतो. दोघं दोन भाषांत बोलतो. पाच मिनिटांनी एक जण थकतो. हल्ली तो मी नसतो.

श्रीखंडवडी

मोरूभाऊ, 'अर्धतृतीय' वाचून अंगावर काटा आला. रोज वापरतो तो शब्द आणि पत्ता नाही.

टेबल_नंबर_तेरा

जरा विरजण घालतो. हे सगळं वाचायला गोड आहे, पण प्रवाशाने चार शब्द फेकण्यात समोरच्याचा काय फायदा? सकाळी आठला रांगेत दहा माणसं उभी, काउंटरवरच्या मुलीचा पगार तुमची उजळणी ऐकायला नसतो. ती इंग्रजीत उत्तर देते ते काम उरकायला. फोन काढा, कॅमेरा मेनूवर धरा, भाषांतर येतं. मी व्हिएतनाममध्ये दोन आठवडे असेच काढले, उपाशी राहिलो नाही. शिवाय चार शब्द बोललं की ते दहा वाक्यांत उत्तर देतात. मग?

वसईची_केळी

रांगेचं म्हणणं शंभर टक्के मान्य. मीही तेच शिकले. लिस्बनच्याच बेलें भागात जिथे पर्यटक 'नाता' या कस्टर्डच्या टार्टसाठी रांग लावतात तिथे मी सरळ इंग्रजी बोलले. पण दुपारी तीनला मोकळ्या बेकरीत जाऊन 'उमा बीका' म्हणजे एक छोटी काळी कॉफी मागितली, तेव्हा कुणाचा वेळ जात नव्हता. तीही माशाच मारत होती.

चौकातला_पिंपळ

टेबलशेठ, व्हिएतनाममध्ये फोन चालला असेल, पण फोन चुकतो तेव्हा तुम्हाला कळत नाही की तो चुकलाय. तोंडाने चुकलं की समोरच्याच्या चेहऱ्यावर लगेच दिसतं. बँकॉकला मी टुकटुकवाल्याला विचारलं, देऊळ 'क्लाय' आहे का? तो हो म्हणाला. मी चालत निघालो. जवळ आणि लांब, दोन्ही शब्द 'क्लाय'च, फक्त सुराचा फरक. जवळ म्हणताना आवाज खाली पडतो, लांब म्हणताना सपाट राहतो. प्रश्न विचारायचा म्हणून मी आवाज वर नेला, तो तर भलताच सूर झाला. एप्रिलच्या उन्हात तासभर चाललो.

माझा एक मित्र त्याहून पुढे. तो थाई शिकला बाईकडून. बायका वाक्याच्या शेवटी 'खा' लावतात, पुरुष 'खाप'. हा सहा फुटी गडी आठवडाभर 'खा' म्हणत होता.

गूळशेंगदाणा

बाली. हॉटेलचा रिसेप्शन. शर्ट चुरगळलेला. मी म्हटलं, प्लीज, इस्त्री? आणि हाताने शर्टावर फिरवून दाखवलं. रिसेप्शनिस्ट लाल. इंडोनेशियन भाषेत इस्त्री म्हणजे बायको. आपली संस्कृतातली स्त्री. बायको माझ्या शेजारीच उभी होती. शेवटी 'सत्रिका' हा शब्द कळला, तो डच लोकांकडून आलेला. आपल्यासारखा शब्द दिसला की हात आखडता घ्यावा हे केळीताईंचं मत मला पूर्ण मान्य.

वसईची_केळी

असं मत मी मांडलंच नाही, पण आता मांडते.

टेबल_नंबर_तेरा

इस्त्रीवाल्याला माझी हार. फोन काढला असता तर हे सुख मिळालं नसतं.

निळी_साडी

मी पुण्यात जपानी शिकवायचे, आता ओसाकाजवळ असते. मोरूभाऊंचं 'मधली इंग्रजी काढा' हे जपानीला तर दुप्पट लागू. मी वर्गात पहिल्या दिवशी फळ्यावर दोन गोष्टी लिहायचे. प्रश्नाच्या शेवटी 'का'. "कोको देसु का?" "इथे आहे का?" आणि होकार हवा असेल तर शेवटी 'ने'. "ओइशी देसु ने", "चवदार आहे ना". क्रियापद शेवटी, विभक्तीचे प्रत्यय नामाच्या मागे. माझा = वाताशी नो. मुलं म्हणायची, बाई, ही तर मराठीच आहे, फक्त शब्द बदललेत. लिपी सुरू झाली की हे म्हणणं बंद व्हायचं, तो भाग वेगळा.

शाकाहारी मंडळींसाठी मात्र कळकळीने लिहिते. "वाताशी वा बेजितारियन देसु" एवढं पाठ करून येऊ नका. ते मान डोलावतील, ताटातले मांसाचे तुकडे काढतील आणि सूप तेच देतील. त्या सूपचा पाया असतो 'दाशी', बहुतेक वेळा वाळवलेल्या माशाच्या पापुद्र्यांचा अर्क. त्यांच्या लेखी ते मासे खाणं नव्हेच, जसं आपल्याकडे हिंग घातला हे कुणी वेगळं सांगत नाही. म्हणून नेमकं सांगा: मांस नको, मासे नकोत आणि "दाशी मो दामे देसु", दाशीही चालत नाही. असं म्हटल्यावर एका आजोबांनी मला दुकानाबाहेर येऊन, हात जोडून, त्यांच्याकडे माझ्यासाठी फक्त भात आणि लोणचं आहे असं सांगितलं. मी तेच जेवले. देवळांमध्ये मिळतं ते 'शोजिन र्‍योरी' शोधा, कोयासानला आणि क्योतोत मिळतं, ते खरोखर शाकाहारी.

आणि कुणी "निहोंगो जोझु देसु ने", तुमची जपानी फार छान आहे, असं म्हणालं तर हुरळू नका. 'कोन्निचिवा' एवढं म्हटलं तरी म्हणतात. खरंच छान यायला लागली की म्हणायचं बंद करतात.

टाचणी

शेवटचा परिच्छेद फ्रेम करून ठेवावा असा आहे. फ्रान्सचं एक वाक्यात सांगतो: काहीही विचारायच्या आधी 'बाँझूर' म्हणा, मग पुढे इंग्रजी बोललात तरी चालतं, न म्हणता फाडफाड फ्रेंच बोललात तरी समोरचा माणूस घुश्शात.

समुद्रावरचा_काका

टांझानियात दार-ए-सलाममध्ये चार वर्षं होतो, बंदराच्या कामावर. तिथली भाषा स्वाहिली. पर्यटकांना सगळे 'जाम्बो' म्हणतात आणि पर्यटक आनंदाने 'जाम्बो' म्हणतात, ते आपापसात कुणी म्हणत नाही. तरुण मुलं 'माम्बो?' विचारतात, उत्तर 'पोआ'. मी आल्या आल्या हे शिकलो आणि आमच्या गोदामाच्या साठीच्या वॉचमनला रोज 'माम्बो' करायचो. तो नुसता मान हलवायचा. ड्रायव्हरने एक दिवस बाजूला घेतलं. वयाने मोठ्या माणसाला 'शिकामो' म्हणायचं. तो 'मराहबा' म्हणून स्वीकारतो. तिथले लोक सांगतात की मूळ अर्थ पाय धरतो असा. म्हणजे मी सहा महिने आजोबांना "काय भिडू" म्हणत होतो! दुसऱ्या दिवशी 'शिकामो, म्झे' म्हटलं, म्झे म्हणजे वडीलधारा माणूस. काठी टेकून उठले, 'मराहबा' म्हणाले आणि त्यानंतर गेट उघडायला कधी हॉर्न वाजवावा लागला नाही.

माझं स्वाहिली त्यानंतरही बाजारापुरतंच राहिलं. पण कुणाला काय म्हणायचं तेवढं चुकलो नाही.

वसईची_केळी

काका, अगदी हेच लिहायचं राहिलं होतं. ॲपने मला 'तुम्ही'साठी 'वोसे' शिकवला. ॲप ब्राझीलचं पोर्तुगीज शिकवतं, तिथे तो चालतो. लिस्बनमध्ये वयस्क बाईंना 'वोसे' म्हटलं की जरा रोखठोक वाटतं. तिथे 'अ सेन्योरा' म्हणजे 'बाईंना हवंय का?' असं तृतीय पुरुषी बोलतात. आपल्या जुन्या घरांमध्ये सासूबाईंशी बोलायचे तसं. "सासूबाईंनी चहा घेतला का?" तेही सासूबाईंच्याच समोर. हे कळल्यावर मला इतकं सोपं गेलं!

ॲपवाल्यांनो, ब्राझीलमध्ये ट्रेन म्हणजे 'त्रें', पोर्तुगालमध्ये 'कोंबोयु'. बस वेगळी, नाश्ता वेगळा. पोर्तुगालला जाणार असाल तर तिथली बातमीपत्रं ऐका, कारण स्वर इतके गिळतात की लिहिलेलं आणि ऐकलेलं यात काही नातं वाटत नाही. आणि स्पॅनिश येत असेल तर ती तोंडातच ठेवा.

चौकातला_पिंपळ

थोडं अवांतर. लिस्बनचे लोक इंग्रजीत उत्तर देतात म्हणून आपण हळहळतोय. मागच्या महिन्यात पुण्यात एका हॉटेलात शेजारच्या टेबलावर एक गोरी मुलगी, बहुतेक विद्यार्थिनी, व्यवस्थित म्हणाली, "एक मिसळ, तिखट कमी, आणि पाव दोन." वेटरने तिला इंग्रजीत विचारलं, एनिथिंग एल्स? तिने पुन्हा मराठीत सांगितलं. त्याने पुन्हा इंग्रजीत. मुंबईत तर आपण रिक्षात बसल्या बसल्या हिंदी सुरू करतो, चालक साताऱ्याचा निघाला तरी वरळी येईपर्यंत दोघंही हिंदीत.

श्रीखंडवडी

वरळीत रिक्षा? कुठल्या मुंबईत राहता?

चौकातला_पिंपळ

टॅक्सी. टॅक्सी म्हणायचं होतं. मुद्दा कळला ना?

टेबल_नंबर_तेरा

मुद्दा कळला आणि लागलाही. त्या वेटरला वाटलं असेल की तो तिची सोय बघतोय. लिस्बनच्या मुलीलाही तेच वाटत असणार. मी माझं 'पगार' वगैरे मागे घेतो, रांगेचं नाही घेत.

पोदेराचो_पूत

'पगार' शब्दही पोर्तुगीजच हां. त्यांच्याकडे 'पगार' म्हणजे पैसे देणे, क्रियापद. लिस्बनमध्ये कुणाला तुमचा पगार किती म्हणून विचारू नका, ते बिल मागवतील.

निळी_साडी

केळीताई, मग शेवटी त्या बेकरीवाल्या बाईंचं काय झालं? काठ्या की पाव?

वसईची_केळी

रोज जायचे. चौथ्या दिवशी कळलं की छोट्या पावाला लिस्बनमध्ये 'पापु-सेकु' म्हणतात, नुसतं पाँउ मागितलं की "कुठला?" विचारतात. मग नाकाचा प्रश्नच मिटला. आठवडाभराने ती मला बघितलं की आधीच दोन पिशवीत टाकायची, त्यामुळे बोलायचं काही उरेना! मग मी मुद्दाम एक दिवस तीन मागितले.

निघायच्या आदल्या दिवशी घरून आणलेली सुकेळी तिला दिली. केळं सुकवलंय हे सांगायला माझ्याकडे शब्द नव्हता, मी ऊन दाखवलं, केळं दाखवलं. तिने खाल्लं, डोळे मिटले. मग विचारलं, तुमच्या भाषेत ओब्रिगादा कसं म्हणायचं? मी 'धन्यवाद' म्हणणार होते आणि थांबले. मी जन्मात कधी आमच्या नाक्यावरच्या पाववाल्याला धन्यवाद म्हटलेलं नाही. आपण काय म्हणतो? "चला, येते हं." तेच सांगितलं. तिने म्हणून बघितलं, "येत हँ". शेवटचं नाक अगदी बरोबर लागलं.

गूळशेंगदाणा

ताई, सुकेळी विमानातून नेऊ देतात?

वसईची_केळी

बॅगेत साड्यांच्या घडीत होती. बाकीचं व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.